‘इथेच का?’ : कॅलेपासून युटाहपर्यंत

पहिला दिवस : विसां

फ्रान्समधल्या कॅलेजवळच्या काप ब्लां-नेच्या कड्यावर उभं राहिलं की समोर इंग्लंड दिसतं. हवा स्वच्छ असेल तर डोव्हरचे पांढरे कडे चष्म्याशिवाय ओळखू येतात. इंग्लिश खाडी ह्याच पट्ट्यात सर्वांत अरुंद आहे, जेमतेम ३३ किलोमीटर.

भाचा लीलला नोकरीला असतो, गाडी त्याचीच. तो म्हणाला, “मामा, मग इथूनच यायचं ना दोस्तांच्या फौजांनी! तास-दोन तासांचं काम.”

१९४४ साली बहुतेक जर्मन सेनापतींचाही हाच हिशेब होता. म्हणून तर इथे एवढं काँक्रीट ओतलंय. त्या वर्षीच्या ६ जूनला, म्हणजे डी-डेला, दोस्तांच्या फौजा जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या उतरणीबद्दल शौर्यकथा पुष्कळ वाचल्या होत्या. पण माझी उभी नोकरी बंदरांच्या कामात गेली. जेटी, लाटारोधक बांध आणि भरती-ओहोटीचे तक्ते ह्यांतच केस पांढरे झाले. त्यामुळे माझी उत्सुकता वेगळी होती : एवढा मोठा किनारा पडला असताना जागा ठरवली कोणी आणि कशावरून? म्हणून ह्या प्रवासाचा क्रमही तसाच लावला. आधी नाकारलेल्या जागा, मग निवडलेल्या. पॅरिस शेवटी. ही काही बोलली नाही. सुट्टीतही समुद्रच बघावा लागतो, ह्याची तिला सवय आहे.

मार्च १९४३ मध्ये फ्रेडरिक मॉर्गन ह्या ब्रिटिश जनरलला एक विचित्र हुद्दा मिळाला : सरसेनापतीचा चीफ ऑफ स्टाफ. विचित्र अशासाठी, की सरसेनापती कोण हे ठरलंच नव्हतं. आयझेनहॉवर ह्या अमेरिकन जनरलचं नाव डिसेंबरात जाहीर झालं. तोवर लंडनच्या नॉरफोक हाउसमध्ये मॉर्गनची माणसं नकाशावर काट मारत बसली होती.

पहिली काट विमानांनी मारली. दक्षिण इंग्लंडमधून उडालेलं स्पिटफायर हे लढाऊ विमान जिथवर पोचून, थोडा वेळ लढून परत येऊ शकेल, तिथवरचाच किनारा उपयोगाचा. ह्या कसोटीत हॉलंडमधल्या व्लिसिंगेनपासून शेरबूरपर्यंतची पट्टी उरली. ब्रिटनीचा बराचसा भाग आणि बिस्केचा उपसागर बाद. उरलेल्या पट्टीत खरी लढत दोघांचीच होती, हा पा-द-कॅले आणि तिकडचा नॉर्मंडीतल्या कां शहराजवळचा किनारा.

पा-द-कॅलेची बाजू वरवर भक्कम दिसते. विमानांना जास्त वेळ डोक्यावर राहता येतं, जहाजांच्या फेऱ्या जास्त होतात. पण कड्यावरून खाली उतरून पुळणीवर आलो आणि मागे वळून पाहिलं, तेव्हा अडचण लक्षात आली. उतरायला वाळू आहे, पण आत शिरायला वाटा थोड्या, आणि त्या कड्यांच्या मधून. शिवाय डोव्हर आणि फोकस्टन ही पलीकडची बंदरं एवढा मोठा ताफा भरायला फारच लहान. बरीच जहाजं साउदॅम्प्टनच्या बाजूनेच यावी लागणार, म्हणजे ते ३३ किलोमीटर कागदावरच. आणि उतरल्यावर? मोठं बंदर हवं तर एकीकडे अँटवर्प, दुसरीकडे ल हाव्र. दोन्हीकडे शत्रूच्या अंगावरून लांबवर किनाऱ्याने चालत जायचं.

संध्याकाळी ओदिंगेनची टॉट बॅटरी, म्हणजे जर्मनांचं तोफांचं ठाणं, पाहिली. ३८० मिलिमीटरच्या चार तोफा इथे होत्या आणि त्यांचे गोळे थेट इंग्लंडवर पडत. त्यांतल्या एका कोठडीत आता संग्रहालय आहे.

गंमत अशी की, नाकारलेली जागासुद्धा दोस्तांनी वाया घालवली नाही. पॅटन ह्या अमेरिकन जनरलच्या नावाने एक अख्खी खोटी फौज इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात उभी केली, फुगवलेल्या रबरी रणगाड्यांसकट. त्यामुळे नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावरही जर्मनांची पंधरावी आर्मी कित्येक आठवडे बव्हंशी इथेच वाट बघत बसली.

रात्री विसांमध्ये भाच्याने शिंपले आणि बटाट्याचे काप मागवले. हिला बटाट्याचे काप आणि पुन्हा बटाट्याचे काप.

दुसरा दिवस : दिएप

दिएपच्या किनाऱ्यावर वाळू नाहीच म्हणा ना. मुठीएवढे, काही नारळाएवढे गुळगुळीत गोटे, आणि तेही उतारावर. पाऊल टाकलं की गोटे सरकतात आणि आपण होतो तिथेच. ही दहा पावलांत परत फिरली आणि बाकावर बसली.

१९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्तांनी दिएपवर छापा घातला, तेव्हा ह्याच गोट्यांवर चर्चिल जातीचे रणगाडे उतरवले. निम्म्याच्या आसपास रणगाडे भिंत ओलांडून वरच्या रस्त्यापर्यंत गेले. बाकीचे गोट्यांत रुतले नाहीतर पट्ट्यांत गोटे अडकून जागीच बसले. वर पोचलेल्यांनाही गावात शिरता आलं नाही, कारण गल्ल्यांच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे होते. एकही रणगाडा परत गेला नाही. त्या दिवशी आलेल्या सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिकांपैकी ९०७ मेले आणि त्याहून कितीतरी जास्त पकडले गेले.

गावाच्या दोन्ही बाजूंना खडूचे उंच कडे आहेत. मी पूर्वेच्या प्युई गावापर्यंत चालत गेलो. तिथली पुळण म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी फट, आणि तिच्या तोंडावर भिंत. बंदराच्या कामात आम्ही जागा बघायला जायचो तेव्हा पहिला प्रश्न असायचा, ‘माल येईल ठीक, पण बाहेर कुठून जाईल?’ प्युईला ह्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं : कुठूनच नाही.

हा छापा माउंटबॅटनच्या कम्बाइंड ऑपरेशन्स, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त मोहिमांच्या, मुख्यालयाने आखला होता. हेच पुढे आपले शेवटचे व्हाइसरॉय. ह्यातून पुढच्यांसाठी धडे मिळाले, असं नंतर त्यांनी आणि इतरांनी खूपदा सांगितलं. धडे मिळाले हे खरंच. पण गोटे रणगाड्याला चालतात की नाही, हे इंग्लंडच्याच एखाद्या गोट्यांच्या किनाऱ्यावर तपासता आलं असतं, तिथे त्यांची काय कमी? त्यामुळे ‘धडा’ हा शब्द ऐकला की मला थोडा रागच येतो.

सर्वांत मोठा धडा मात्र निवडीचा होता. बंदर असलेल्या गावावर समोरून चाल करायची नाही. आता अडचण अशी की बंदर तर हवंच, कारण लाखो माणसांना रोज हजारो टन माल लागणार. दिएपच्या वेळी नौदलाची सूत्रं सांभाळणारे ह्यूज-हॅलेट म्हणाले की, बंदर जिंकता येत नसेल तर बरोबर घेऊन जावं लागेल. लोक हसले म्हणतात. १९४३ च्या जूनअखेरीस स्कॉटलंडमधल्या लार्ग्झ इथे माउंटबॅटननीच मोठी बैठक भरवली. तोवर हसणारे गप्प झाले होते आणि बैठकीत नॉर्मंडीचं पारडं जड झालं.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक पुरवणी. ह्याच विद्येचं एक प्रशिक्षण केंद्र त्या युद्धात खडकवासल्याला होतं. धरणाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचं खोटं जहाज उभारलेलं होतं आणि त्यावरून सैनिकांना किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देत. पुढे एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, जागा शोधताना हे तयार केंद्रसुद्धा खडकवासल्याच्या बाजूने एक मुद्दा ठरलं. भाच्याने त्या रस्त्यावर शेकडो वेळा कणीस खाल्लंय, त्याला हे पहिल्यांदाच कळलं.

गावाबाहेर ओतोच्या स्मशानभूमीत थोडा वेळ थांबलो. थडगी पाठीला पाठ लावून जोडीने आहेत, कारण मूळ दफन जर्मनांनी केलं होतं आणि ती मांडणी तशीच ठेवली.

तिसरा दिवस : आरोमांश आणि व्हेर-स्युर-मेर

सकाळी नॉर्मंडी पुलावरून सेन नदी ओलांडली. डाव्या-उजव्या दोन्ही काठांवर उतरण्याचाही विचार मॉर्गनच्या लोकांनी केला होता, पण मधल्या नदीमुळे फौज दुभंगली असती. पुलाची उंची बघताना एवढंच मनात आलं आणि पुढे निघालो.

आरोमांशला ओहोटीच्या वेळी पोचायचं, हे मी घरूनच तक्ता बघून ठरवलं होतं. समुद्रात काळ्या काँक्रीटच्या पेट्यांची तुटकी ओळ अजून उभी आहे, काही पेट्या तर पुळणीवरच. त्यांतली मोठी पेटी सहा हजार टनांहून जड. इंग्लंडमध्ये बांधायची, तरंगवत ओढून आणायची, झडपा उघडून बुडवायची. अशा पेट्यांचा आणि मुद्दाम बुडवलेल्या जुन्या जहाजांचा बांध, त्याच्या आत शांत पाणी. त्यात खांबांवर वरखाली सरकणारे धक्के आणि तिथून किनाऱ्यापर्यंत तरंगता रस्ता. इथे पाणी सहा मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. मुंबईच्या मोठ्या उधाणालासुद्धा पाचेक मीटर. अशा जागी कायमचा धक्का बांधायचा म्हटलं तरी आमच्यासारख्यांची झोप उडते, आणि ह्यांनी तो समुद्रातून ओढत आणला. मी दीड तास त्या पेट्यांभोवती फिरत होतो. लोखंडाच्या गजांचा गंज, शेवाळ, काँक्रीटचे फुगलेले पापुद्रे. भाच्याला वाटलं मी काही हरवलेलं शोधतोय.

अशी दोन बंदरं आणली, एक इथे आणि एक अमेरिकनांसाठी सां-लोराँला. १९ जूनला वादळ सुटलं आणि चार दिवसांत अमेरिकन बंदर मोडून पडलं. इथली जागा निवडताना एक मोठा मुद्दा असा होता की पश्चिमेचं कोतांतां द्वीपकल्प नेहमीचा पश्चिमेचा वारा अडवतं. ते अडवतंही. पण ते वादळ ईशान्येकडून आलं. पुढे अमेरिकनांनी उघड्या पुळणीवरच जहाजं टेकवून प्रचंड माल उतरवला. त्यामुळे ही बंदरं नसती तरी चाललं असतं, असं म्हणणारेही आहेत. त्यात तथ्य असेल, पण १९४३ मध्ये टेबलावर बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? तरंगत्या बंदराची हमी नसती तर बंदर नसलेला हा किनारा यादीत वर आलाच नसता.

दुपारी व्हेर-स्युर-मेर. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच, आणि इथे बघण्यासारखं खाली काही नाही. सपाट वाळू. टाचेने उकरलं तर ओली, घट्ट. पण काही ठिकाणी, दुधावर साय धरावी तसा, हा वाळूचा थर वरवरचाच असतो. खाली कुजलेल्या वनस्पतींचं काळं पीट आणि चिकणमाती. माणूस चालेल, जीप चालेल, तीस-चाळीस टनांचा रणगाडा खाली जाईल. जे. डी. बर्नाल ह्या शास्त्रज्ञाने जुने नकाशे आणि भूगर्भाची वर्णनं चाळून ही शंका काढली होती. विमानातून काढलेल्या फोटोंवर काळपट डागही दिसत होते.

फोटोंचं काम तर थक्क करणारं. उथळ पाण्यात लाट मंदावते आणि दोन लाटांमधलं अंतर कमी होतं. ठरावीक वेळाने घेतलेल्या फोटोंवरून हे मोजलं की पाण्याची खोली निघते, आणि त्यावरून समुद्रतळाचा उतार. उतार फार कमी असेल तर जहाज लांबवरच टेकतं आणि पुढे पुन्हा खोल पाण्याची पन्हाळ लागते. शिवाय १९४२ मध्ये बीबीसीवरून लोकांना आवाहन केलं होतं, युरोपच्या किनाऱ्यांवरची तुमची सुट्टीतली पोस्टकार्डं आणि फोटो पाठवा. लाखोंनी आली. ही म्हणाली, “म्हणजे आपले गणपतीपुळ्याचे फोटोसुद्धा कोणाच्या तरी कामाचे!”

पण वाळूखाली काय आहे, ते फोटोत येत नाही. त्यासाठी ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री मेजर लोगन स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डेन-स्मिथ बर्फगार पाण्यातून पोहत ह्या किनाऱ्याला लागले. वर जर्मन पहारा. हे दोघे पालथे पडून गिरमिटाने भोकं पाडताहेत, नमुने नळ्यांत भरताहेत, दिव्याचा झोत आला की निपचित. परत निघताना लाटांनी दोनदा मागे फेकलं. शेवटी पार झाल्यावर ऑग्डेन-स्मिथ मागे राहिलाय की काय म्हणून स्कॉट-बाउडन वळले, तर तो ओरडून नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होता. त्या नमुन्यांमुळे रणगाड्यांवर कापडाची अवजड गुंडाळी बसवण्यात आली. मऊ जागा आली की पुढे अंथरत जायचं.

वर टेकाडावर २०२१ मध्ये उघडलेलं ब्रिटिश स्मारक आहे. खांबांवर २२,४४२ नावं.

मुक्काम बायोला. जेवताना भाच्याने विचारलं, तारीख कशी ठरली? हा माझा आवडता विषय, त्यामुळे त्याचं जेवण गार झालं. किनाऱ्याच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या रोमेल ह्या जर्मन सेनापतीने भरतीच्या रेषेखाली लोखंडी अडथळे आणि सुरुंग लावलेले खांब ठोकले होते. म्हणजे ओहोटीलाच उतरायला हवं, म्हणजे ते दिसतील आणि मोडता येतील. पण पाणी चढतं हवं, म्हणजे होड्या परत निघतील. त्याआधी तासभर उजेड हवा तोफांसाठी, आणि आदल्या रात्री चांदणं हवं छत्रीधारी सैनिकांसाठी. महिन्यात मोजकेच दिवस उरतात. ही गणितं लिव्हरपूलजवळ आर्थर डूडसन यांनी पितळी चाकांच्या यंत्रांवर केली. ठिकाण कोणतं ते त्यांना सांगितलं नव्हतं, कागदावर नुसतं ‘झेड’. तशाच जातीचं यंत्र हिंदुस्थानातल्या बंदरांचे तक्ते काढायला १८७९ मध्येच लंडनमध्ये बनलं होतं, तेव्हा आमच्या व्यवसायाचंही डी-डेशी नातं आहे, असं मी जाहीर केलं. ही म्हणाली, झोपा आता.

चौथा दिवस : ओमाहा

ओमाहा, युटाह, गोल्ड ही दोस्तांनी किनाऱ्यांना दिलेली सांकेतिक नावं. ओमाहा पाहण्याची योग्य दिशा समुद्राकडून. ओहोटी होती, म्हणून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेलो आणि मग तोंड फिरवलं.

तीनेकशे मीटर उघडी वाळू. तिच्या टोकाला तेव्हा गोट्यांचा बांध होता, तो आता राहिलेला नाही. त्यामागे थोडी दलदल आणि मग हिरवा चढ, तीस ते पन्नास मीटर उंच. किनारा आत वळलेला, त्यामुळे दोन्ही टोकांवरून मधल्या माणसावर गोळीबार करता येतो. चढ फोडून वर जाणाऱ्या पाच घळी, आणि वाहनं जाऊ शकतील तर त्यांतूनच. प्रत्येक घळीच्या तोंडाशी मशीनगनची ठाणी. संरक्षण करणाऱ्याला असा किनारा बनवून द्या म्हटलं असतं, तर त्याने ह्याहून वेगळा बनवला नसता.

मग हा निवडला का?

उत्तर नकाशात आहे. मॉर्गनच्या आराखड्यात पहिल्या लाटेला तीनच डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या, होत्या. जानेवारी १९४४ मध्ये ब्रिटिश जनरल माँटगोमेरी आणि आयझेनहॉवर यांनी त्या पाच केल्या आणि आघाडी पश्चिमेकडे कोतांतांपर्यंत ताणली, कारण शेरबूरचं बंदर लवकर हवं होतं. त्यातून युटाह किनारा आला. आता ब्रिटिशांचा गोल्ड इकडे, युटाह तिकडे, मध्ये विर नदीचं मुख. ह्या मधल्या पट्ट्यात बहुतेक सगळे कडे आणि खडक. गाड्या उतरवता येतील अशी लांबलचक पुळण एकच. ती सोडली तर दोन्ही फौजा एकमेकींपासून तुटल्या असत्या. ओमाहा चांगला म्हणून कोणी निवडला नाही. बाकीच्या जागा नक्की झाल्यावर ह्याला टाळता आलं नाही, एवढंच.

आणि हे त्यांना माहीत होतं. जानेवारीत स्कॉट-बाउडन एक्स-२० नावाच्या चिमुकल्या पाणबुडीतून इथेही येऊन गेले होते. लंडनला परतल्यावर त्यांनी अमेरिकन जनरल ओमार ब्रॅडलींना सांगितलं की, हा किनारा अतिशय कठीण आहे, माणसं फार मरतील. ब्रॅडलींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ठाऊक आहे मला.

प्रत्यक्षात ढगांमुळे विमानांनी बाँब उशिरा सोडले, ते आत शेतांत पडले. एका तुकडीने खोल पाण्यात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. घळींवर समोरून केलेला हल्ला फसला, आणि वाट निघाली ती घळींच्या मधल्या चढावरून, पायी. दिवसअखेर मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन हजारांच्या वर होते. त्या चढाची पायवाट मी चढलो. पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती, तरी दोनदा थांबलो.

वर कोलव्हिलची अमेरिकन स्मशानभूमी, नऊ हजारांहून जास्त थडगी. इथे गर्दी होती. त्याबद्दल इतरांनी खूप लिहिलंय.

परतताना प्वांत द्यु होक. तीस मीटरचा कडा रेंजर्स, म्हणजे अमेरिकन कमांडो, तिथल्या जर्मन तोफांसाठी दोरांनी चढले आणि वर तोफा नव्हत्याच, आत हलवलेल्या होत्या, त्या त्यांनी नंतर शोधून निकामी केल्या. बाँबचे खड्डे अजून तसेच आहेत, मुलं त्यांत लपंडाव खेळत होती.

पाचवा दिवस : युटाह आणि मागची शेतं

युटाहच्या पुळणीमागे बुटक्या वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्यामागे सखल कुरणं. जर्मनांनी पाणी अडवून ती बुडवली होती. पुळणीवरून आत जायला पाण्यातून जाणारे मोजकेच भराव-रस्ते. त्यांची पलीकडची टोकं आधी ताब्यात नसतील तर किनारा घेऊन उपयोग नाही. सेंत-मेर-एग्लीजच्या आसपास रात्री छत्रीधारी सैनिक उतरवले ते मुख्यतः ह्यासाठी. हवाई दलाचे ली-मॅलरी विरोधात होते, कत्तल होईल म्हणाले. आयझेनहॉवरने ऐकून घेतलं आणि बेत कायम ठेवला.

मजा पुढे आहे. पाण्याच्या ओढीमुळे होड्या ठरल्या जागेच्या दोनेक किलोमीटर दक्षिणेला लागल्या. जनरल थिओडोर रूझवेल्ट धाकटे, वय ५६, हातात काठी, पहिल्या लाटेबरोबर उतरलेले. त्यांनी पायी फिरून पाहिलं आणि युद्ध इथूनच सुरू करायचं ठरवलं. ही चुकलेली जागा नेमलेल्या जागेपेक्षा कमी संरक्षित निघाली. किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचं इथलं नुकसान सुमारे दोनशे माणसांचं. एवढी पोस्टकार्डं, एवढी गिरमिटं, आणि सर्वांत स्वस्त उतरण झाली ती कोणी न निवडलेल्या ठिकाणी. भाचा ह्यावर फार वेळ हसत होता. मला आठवत राहिलं ते खालचं पाणी, टेकड्या, भराव-रस्ते. जागा दोन किलोमीटर सरकली तरी ह्या सगळ्याचा अभ्यास तोच होता.

मग कारांतांला जायला मधला रस्ता धरला आणि ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, माणसाच्या छातीएवढे, त्यांवर शतकानुशतकांची झाडं आणि मुळांचं जाळं. प्रत्येक शेत म्हणजे एक बंद खोली. पुढचं काही दिसत नाही. ह्या कुंपणांनी अमेरिकन फौज जून-जुलैत आठवडेच्या आठवडे अडवून धरली. सां-लो हातात आलं १८ जुलैला. आणि ज्याच्यासाठी ही बाजू निवडली ते शेरबूर जूनअखेर मिळालं, पण जर्मनांनी बंदर उद्ध्वस्त करूनच दिलं.

हे बांध विमानातून घेतलेल्या प्रत्येक फोटोत आहेत. कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सगळी हुशारी उतरण्यावर खर्च झाली. पुळणीच्या मागचा पहिला पट्टा ह्या लोकांनी इंच-इंच मोजला, त्याच्या पलीकडच्या शेतांना फारसा वेळ दिला नाही, असं माझं मत झालंय. भाचा म्हणतो, एवढं सगळं एकाच वेळी कोणाला सुचणार.

त्यावर उपाय निघाला तोही वरून नव्हे. सार्जंट कर्टिस क्युलिन ह्यांच्या तुकडीने रणगाड्याच्या तोंडाला पोलादी दात जोडले. बांधावर चढलं की रणगाड्याचं पातळ पोट वर येतं. ह्या दातांमुळे तो बांधात घुसून मुळांसकट आरपार जाऊ लागला. ब्रॅडलींनी प्रयोग पाहिला आणि असे शेकडो बनवायला सांगितले. एवढं पोलाद घाईत आणायचं कुठून? ते पुळणीवर पडलेलं होतंच : रोमेलने होड्या फाडायला ठोकलेले अडथळे कापून आणले आणि त्यांचे दात केले.